मला वाटलं, पट्टी राहिली

…आणि ओरखडा तसा केवढा, तर गव्हाच्या दाण्याएवढा. पण भिंगाखाली धरला की त्याला काठ येतात, उतार येतो, तळाशी कॅनव्हासचे उघडे पडलेले धागे दिसतात, आणि वरच्या काठाला लोंबणारी रंगाची एक कपची दिसते, इतकी हलकी की तिनं श्वास सोडला तरी थरथरते. तिनं श्वास रोखून धरला. कपची टिकवायची की काढून टाकायची हे अजून ठरत नव्हतं. टिकवली तर तिच्या पाठीमागं डिंकाचा थेंब सोडून ती दाबून बसवता येईल, मग ती जागा मूळचीच राहील, निदान थोडी तरी मूळची... आणि काढली तर सगळंच नव्यानं रंगवायचं. नऊ दिवस ती हेच ठरवत होती. चार वाजता कलादालनाचा टेम्पो येणार होता आणि आत्ता सव्वादहा झाले होते.

ओरखडा पट्टीच्या कोपऱ्यावर होता. पट्टी म्हणजे रंगकामात कडा सरळ यावी म्हणून चिकटवतात ती पिवळट कागदी चिकटपट्टी. काम संपलं की ओढून काढायची. चित्रभर नुसता राखाडी-निळा रंग, ना आकार ना विषय, आणि उजवीकडं खाली ही एक तिरकी पट्टी, काढायची राहून गेल्यासारखी. तिचा एक कोपरा सुटून जरासा वर आलेला आणि त्याच्याखाली सावली. फक्त, पट्टी तिथं नव्हती. ती रंगवलेली होती. सुटलेला कोपराही रंगवलेला, सावलीही रंगवलेली. हात फिरवला तर सगळं सपाट. तिच्या अशा पट्टीच्या चित्रांपुढं लोक लांबून म्हणत, अमूर्त आहे बुवा, आपल्याला काय कळणार. मग पट्टी दिसे, 'अरेच्चा, ही राहिलीच की' म्हणत जवळ येत, आणखी जवळ, नाक टेकेल इतके जवळ, आणि मग हसत. स्वतःवरच हसत. त्या हसण्यावर गेल्या चार वर्षांत तिचं नाव झालं होतं. त्याआधी वीस वर्षं तिनं बिनपट्टीची चित्रं काढली, ती लोकांनी चालता चालता पाहिली.

न हसणारा एकच निघाला. त्यानं नख लावलं.

दादा. तिचा सख्खा थोरला भाऊ, अकरा वर्षांनी मोठा, आयुष्यभर लोखंडी कपाटांवर आणि पत्र्याच्या दारांवर लाकूड रंगवत आलेला कारागीर. आधी फिक्या पिवळट रंगाची जमीन द्यायची, ती वाळली की वर तपकिरी रंगाचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच फणी, चिंधी आणि अंगठा घेऊन त्यात रेषा आणि गाठी उठवायच्या. सपाट पत्र्यावर तो नक्षीच्या चौकटीसुद्धा उठवून दाखवायचा. लोक दार ठोकून बघत आणि टणटण वाजलं की चकित होत. तिला लहानपणी शाळेतून आल्यावर त्याच्या कामाजवळ बसायला आवडे. 'सावली काळी नसते, ठमे,' तो सांगायचा, 'ज्याच्यावर पडते त्याचाच रंग, फक्त बुडवलेला. आणि जिथं वस्तू चिकटलेली तिथं सावलीला धार, जिथं सुटली तिथं पसरट.' हे तिला कुठल्याही पुस्तकात नंतर इतक्या कमी शब्दांत सापडलं नाही. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मात्र छापलं होतं की हे तंत्र तिला जुन्या चित्रकारांच्या दीर्घ अभ्यासातून गवसलं. तिनंच लिहून दिलं होतं. अभ्यास तिनं केलाही होता. म्हणजे वाक्य अगदीच खोटं नव्हतं, आणि अगदीच खोटं नसलेली वाक्यं किती सोयीची असतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

दादाची कामाची एक रीत होती. काम सोपवण्याआधी तो सगळ्या कडांवरून अंगठ्याचं नख फिरवत जाई. कोपऱ्यात पट्टीचा तुकडा राहिला आणि रंग कडक झाला, तर तो तुकडा पुढं निघताना रंग घेऊन निघतो आणि गिऱ्हाईक चारचौघांत रंगाऱ्याची शोभा करतं. चाळीस वर्षांत त्याची एकही पट्टी राहिली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, म्हणजे जेवताना सांगण्याइतपत.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तो इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आला होता. तिची पट्टीची चित्रं त्यानं तोवर पाहिलीच नव्हती. ती गडबडीत होती, तिनं लांबूनच हात केला. मग माणसं जमली, दिवे लागले, ती दालनाच्या संचालिकाबाईंशी आणि एका समीक्षकाशी बोलत उभी राहिली, आणि तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की दादा या चित्रापुढं थांबला आहे, मान तिरकी करून. मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं. कुणी बघत नाही ना, अशा बेतानं पाहिलं... आणि तिला त्याच क्षणी कळलं, पूर्ण कळलं, की त्याला वाटतंय बहिणीची पट्टी राहिली, एवढ्या मोठ्या लोकांत तिचं हसं होईल, कुणाच्या लक्षात यायच्या आत आपण काढून टाकू. कळलं आणि तरी ती ओरडली नाही. नख कोपऱ्याखाली सरकवल्याचा आवाज, खर्र, फार बारीक, पण तो तिला समीक्षकाच्या वाक्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आला.

मग कुणीतरी 'अहो, अहो!' केलं. माणसं वळली. संचालिकाबाई धावल्या, मागून ती.

"कोण आहेत हे?" बाईंनी विचारलं. दादाला नाही, तिला विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "असतील कुणी."

का म्हणाले मी? घाबरले म्हणून? लाज वाटली म्हणून? नऊ दिवस मी स्वतःला सांगतेय की तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेला शब्द परत आणायला तिथं हवा तेवढा वेळ होता. सगळे तिथंच होते. समीक्षक तर अजून पट्टीकडं बघत हसत होता... नाही, तोंडातून निघून गेलं नाही. मी ते म्हणाले, आणि म्हणून ठेवून दिलं.

दादाचा हात तसाच अर्धा वर. त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, अंदाज घेतल्यासारखं. आणि मग त्याचा चेहरा आवरल्यासारखा झाला, कामावरचा झाला.

"माफ करा, मॅडम," तो तिला म्हणाला. "मला वाटलं, पट्टी राहिली."

आजूबाजूला हशा पिकला, आणि तीही हसली. मॅडम! ज्यानं तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, तिच्या कला महाविद्यालयाच्या पाच वर्षांसाठी ज्यानं सुट्टीच्या दिवशीसुद्धा दारं रंगवली, तिनं पन्नाशी गाठली तरी जो तिला ठमे म्हणतो, त्यानं एका क्षणात तिची बाजू सावरून घेतली होती. ती म्हणाली ओळख नाही, तर नाही. जाताना तो दरवाज्याशी थांबलाही नाही.

तेव्हापासून तिच्या त्या 'माहीत नाही'बद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. फोनवर नेहमीसारखाच बोलायचा, तब्येत, हवा, ओरखड्याचं काय केलंस. बोलली ती वहिनी, परवा, आवाज खाली आणून: "हल्ली कामावर जात नाहीत गं. एक मोठं काम आलेलं, नको म्हणाले. म्हणतात, माझी नजर गेली. रंगवलेलं कुठलं नि खरं कुठलं हेच कळत नाही, तर कुणाच्या दाराला हात लावू. तू जरा बोल ना त्यांच्याशी, तुझं ऐकतात." तिनं हो म्हटलं आणि नंतर स्वयंपाकघरात कितीतरी वेळ नळ नुसता सोडून उभी राहिली.

महाविद्यालयात तिचे गुरुजी सांगत, फळी ती फळी, रंग तो रंग. सपाट जागेवर खोटी खोली दाखवणं हे जादूगाराचं काम. कुणाच्या चित्रात जरा गुळगुळीतपणा आला की ते म्हणत, 'पत्र्याचं कपाट झालंय.' वर्ग हसे. तीही हसे, आणि संध्याकाळी घरी जाऊन दादाच्या बोटांवरचा तपकिरी रंग बघे. वीस वर्षं ती फळी ती फळी करत राहिली. आणि मग पट्टी रंगवली, तेव्हा तिनं मनाशी एक समर्थन बांधून ठेवलं होतं, मुलाखतींतही देत असे: ही फसवणूक कबूल करणारी फसवणूक आहे. बघणारा दोन क्षण फसतो, तिसऱ्या क्षणी चित्र स्वतःच सांगतं, मी फसवलं तुला, आणि दोघं हसतात. खोटं असं असावं, तीन क्षणांचं. मग 'असतील कुणी' या खोट्याचे आता नऊ दिवस झाले, त्याचं काय? ते कबूल कुणी करायचं, चित्रानं?

दारावर थाप पडली. दादा बेल वाजवत नाही.

"ठमे, पाणी दे आधी," म्हणत तो आत आला. हातात त्याची जुनी कापडी पिशवी होती. चेहरा उतरलेला, दाढी दोन दिवसांची. पाणी पिऊन झाल्यावर तो चित्रापुढं जाऊन उभा राहिला, हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून. ओरखड्याकडं त्यानं पाहिलंच नाही. सावलीकडं पाहत राहिला.

"सावलीत निळं घातलंयस," तो म्हणाला.

"हो."

"मी तपकिरी घालायचो."

"तुझं लाकूडच तपकिरी असायचं."

"तेही खरं." मग थोड्या वेळानं, चित्राकडंच बघत, "चाळीस वर्षं लोकांना मी पत्र्यात लाकूड दाखवलं. मला कुणी दाखवलं नव्हतं. घरी जाऊन तुझ्या वहिनीला म्हटलं, आपली ठमी लय पुढं गेली." तो हसला. हे हसू खरंच होतं. त्या संध्याकाळी हे त्याला तिथंच, त्या सगळ्या लोकांत सांगायचं असणार. कुणाला सांगणार होता? तिनं त्याच्यासाठी तिथं कुणी ठेवलंच नव्हतं.

"मग नजर गेली असं का म्हणतोस? वहिनी म्हणाली."

"तिला काय, सगळं सांगायची घाई." तो पिशवी सोडू लागला. "पट्टीपुरतं ठीक आहे. पण घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी एका दारापुढं उभा राहिलो, तर हातच उचलेना. म्हटलं, उगाच कुठं तरी नख लागायचं... कपची ठेव. काढू नको. मूळची आहे."

एवढंच होतं, नऊ दिवसांचा घोळ त्यानं एका वाक्यात मिटवला. तिनं डिंकाचा थेंब सोडला, त्यानं कागदाचा तुकडा ठेवून बोटाच्या टोकानं दाब दिला आणि तसाच धरून राहिला, जेवढा वेळ धरायला हवा तेवढा. मग खडूची पूड डिंकात कालवून खळगा भरला. वाळू दिला. दोघांनी उभ्याउभ्याच पोळीचे चार घास खाल्ले. तिनं निळा रंग कालवला, त्यानं तो स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर घेतला, खिडकीपाशी नेला, वाळेपर्यंत बघत बसला, म्हणाला, "वाळल्यावर गडद होतोय. थेंबभर पांढरा." बरोबर होतं. नजर कुठं गेली होती त्याची? कुठंच गेली नव्हती. शेवटी तिनं ब्रश त्याच्यापुढं धरला. तो नको म्हणाला. तिनं धरूनच ठेवला.

"धर ना. हात माझ्यापेक्षा स्थिर आहे तुझा."

त्यानं धरला. चार टिपके दिले, पाचवा देताना थांबला, पुन्हा दिला. ती त्याच्या खांद्यामागं उभी होती, त्याचं तोंड दिसत नव्हतं, आणि म्हणूनच बहुतेक तिला जमलं.

"दादा, त्या दिवशी मी —"

"पंखा बंद कर. धूळ बसेल."

तिनं पंखा बंद केला. खोली एकदम शांत झाली आणि आता तर बोलणं भागच होतं.

"त्या दिवशी मी म्हणाले, माहीत नाही. तू ऐकलंस."

ब्रश थांबला नाही. "ऐकलं की. मोठी माणसं होती तिथं, मी समजून घेतलं."

"काय समजून घेतलंस?"

"की आत्ता ओळख नको." तो सहज बोलत होता, लहान मुलाला समजावताना बोलावं तसा. "अगं, बंगल्यावर काम चालू असताना घरचे पाहुणे आले की आम्ही ब्रश धुऊन मागच्या दारानं निघतो. कुणी सांगावं लागत नाही. त्यात वाईट काय वाटायचं? ज्याचं त्याचं घर असतं."

तिला वाटलं होतं, तो रागावेल किंवा डोळ्यांत पाणी येईल, त्याच्या नाही तर तिच्या, आणि मग काहीतरी मोकळं होईल. हे असं होईल असं तिला वाटलं नव्हतं: की तिनं जिवाच्या आकांतानं धरून ठेवलेला गुन्हा तो कामातली एक रीत म्हणून पिशवीत टाकून देईल. ज्याचं त्याचं घर. म्हणजे तिच्या घरी तो इतकी वर्षं मागच्या दाराशी उभा राहायला तयार होता? मला रागाव रे दादा, एकदा तरी. तिला हे म्हणता आलं नाही. ती खिडकीपाशी जाऊन ब्रश धूत बसली, स्वच्छ असलेलेसुद्धा.

टेम्पो साडेतीनलाच आला, आणि टेम्पोबरोबर संचालिकाबाईही आल्या, कारण चित्र ज्यांनी घेतलं ते दातांचे डॉक्टर जरा काटेकोर होते आणि बाईंना दुरुस्ती स्वतः पाहायची होती. त्या आत आल्या, चित्र पाहण्याआधी त्यांना दादा दिसला आणि त्या दारातच थबकल्या.

"हे... हे तर तेच ना? त्या दिवशीचे?"

दादा उठलासुद्धा. फडकं, फणी, डबी, सगळं भराभर पिशवीत. "हो मॅडम. दुरुस्तीला बोलावलं होतं यांनी. झालंय आता, निघतोच मी."

यांनी. तो खोलीच्या मागच्या बाजूला पाहत होता, जिन्याकडचं दुसरं दार उघडं आहे का म्हणून. आणि तिला ते सहन झालं नाही.

"हा माझा भाऊ आहे," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. "सख्खा. सावली टाकायला मला यानं शिकवलं, पत्र्याची कपाटं रंगवता रंगवता, पुस्तिकेत लिहिलंय ते काही खरं नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले."

तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं, अगदी खरोखर उतरलं. पाय हलके झाले. असं वाटायला हवं होतं, ते वाटलं. त्याचा क्षण तिला नीट आठवतो, कारण तो एवढाच होता.

"अगं!" संचालिकाबाईंचे डोळे चमकले. "मग हे आधी नाही का सांगायचं? केवढी सुंदर गोष्ट आहे! ज्या भावानं शिकवलं त्यालाच बहिणीनं फसवलं! कपाटं रंगवायचे ना तुम्ही? पत्र्यावर? वा! ओरखडा भरून टाकलात की काय? अरेरे... डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी ओरखड्यासकट आनंदानं नेलं असतं. बरं, असू दे, ऐका, पुस्तिका आपण नव्यानं छापू. पहिल्याच पानावर हे."

ती बाईंकडं पाहत राहिली. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. आणि पहिल्याच पानावर हे शोभूनही दिसलं असतं, हे तिलाही दिसत होतं... आत्ता दिसत होतं की बोलायच्या आधीही, कुठंतरी, दिसत होतं? नऊ दिवस जड होतं ते एका वाक्यात इतकं उपयोगी कसं झालं? दादासाठी बोलले मी. दादासाठीच. तो मागचं दार शोधत होता म्हणून. पण हे ती जितक्या वेळा मनात म्हणाली तितकं ते मुलाखतीतलं वाक्य होत गेलं.

दादा पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याला काय वाटलं ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. कान तेवढे लाल झाले होते.

"एक फोटो," बाई म्हणाल्या आणि मोबाइल काढला. "दोघं, चित्राशेजारी. पिशवी राहू दे हातात, छान दिसतेय. जरा जवळ या ना, भाऊ-बहीण आहात!"

दादा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, मधे वीतभर अंतर ठेवून. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेवटचा असा हात कधी ठेवला होता ते तिला आठवेना. खांदा हाडकुळा लागला, शर्टातून घामाची ऊब आली, आणि तिचा जीव गलबलून आला. पण ठेवायच्या आधी, अगदी पापणी लवेल एवढं आधी, तो हात तिथं कसा दिसेल ते तिला दिसलं होतं.

"ठमे," दादानं हळूच विचारलं, ओठ न हलवता, "हसायचं का?"

"हस ना," ती म्हणाली.

आणि तो हसला, सांगितल्याबरोबर, मनापासून हसल्यासारखा. बाई म्हणाल्या, वा, आणखी एक, झालं. त्या मोबाइलमध्ये बघत टेम्पोवाल्याला हाक मारायला बाहेर गेल्या. तिला मात्र खांद्यावरचा हात काढता येईना. काढला तर तो फोटोपुरता होता असं झालं असतं, आणि ठेवला तरी काय होतं हे आता तिला सांगता येत नव्हतं. दादा हलला नाही. तो तसाच हसत, सरळ, समोर बघत उभा होता. ती पुरे म्हणेपर्यंत उभा राहणार होता.